कोलंबोतल्या न्याहारीची नोंद

१३ फेब्रुवारी २०२३ रोजी तंजावरच्या वेशीवर, विळार इथे, पत्रकार जमले होते. श्रीलंकेतल्या युद्धाच्या अखेरीस, मे २००९ मध्ये, मुळ्ळिवैक्कालच्या किनारपट्टीवर मारल्या गेलेल्या तमिळांचं हे स्मारक. २०१३ साली उभं राहिलेलं. नाव 'मुळ्ळिवैक्काल मुट्रम'. मुट्रम म्हणजे अंगण. नव्वदीला टेकलेले तमिळ राष्ट्रवादी नेते पळ. नेडुमारन तिथे बोलायला बसले आणि त्यांनी जाहीर केलं की 'वाघ' म्हणवणाऱ्या एलटीटीईचे नेते प्रभाकरन जिवंत आहेत, लवकरच सर्वांसमोर येतील. श्रीलंकेच्या लष्कराने दावा लगेच खोडून काढला. प्रभाकरन २००९ मध्येच मारला गेला आणि डीएनए चाचणीने ते सिद्ध झालेलं आहे, असं त्यांचं उत्तर होतं. दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांना चार दिवस पुरेल एवढं खाद्य मिळालं आणि विषय विरला.

त्याच निवेदनातला दुसरा मुद्दा मात्र कुणी फारसा उचलला नाही. चीन श्रीलंकेत पाय रोवतो आहे आणि ते भारताला धोक्याचं आहे, असं नेडुमारन यांनी त्यात म्हटलं होतं. सहाच महिन्यांपूर्वी, १६ ऑगस्ट २०२२ रोजी, 'युआन वांग ५' हे चिनी जहाज हंबनटोटा बंदराला लागलेलं होतं. म्हणजे काळजी हवेतली नव्हती. पण ती अशा विधानाच्या शेपटाला बांधून आली, की तिचं वजनच गेलं.

याच तंजावरच्या हवाई तळावर २० जानेवारी २०२० रोजी सुखोई ३० विमानांचं २२२ क्रमांकाचं स्क्वाड्रन दाखल झालं. 'टायगरशार्क्स' हे त्याचं नाव. दक्षिण भारतातलं सुखोईंचं हे पहिलंच स्क्वाड्रन. ब्रह्मोस क्षेपणास्त्र वाहून नेण्याची ताकद असलेली ही विमानं. त्यासाठीचा बदल आपल्या नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात झाला आणि असं पहिलं विमान जून २०१६ मध्ये तिथूनच उडालं. तंजावरहून जाफना सरळ रेषेत साधारण १६० किलोमीटर, पुण्याहून मुंबईला रस्त्याने जाण्याइतकंच. त्यामुळे श्रीलंका हा विषय तंजावरकरांना शेजारच्या आळीसारखा. पट्टुक्कोट्टै, पेरावूरणी या तालुक्यांना समुद्र आहे. मल्लिपट्टिणम, अदिरामपट्टिणमच्या होड्या त्याच पाण्यात जातात, ज्यात लंकेच्या नौदलाच्या बोटी गस्त घालतात.

अशा ठिकाणी राहणाऱ्या लोकांच्या प्रतिनिधीने, आणि तो दिल्लीत विरोधी बाकावर असताना, शेजारच्या देशाच्या नेत्याशी सुरक्षेबद्दल बोलावं की बोलू नये? आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर नेहमी माणूस पाहून दिलं जातं. आपला असेल तर मुत्सद्दी, दुसऱ्यांचा असेल तर देशद्रोही. ही सवय घातक आहे. भेटीगाठी व्हायलाच हव्यात. चूक कशात असते हे पाहायचं असेल, तर भेटीआधी कुणाला सांगितलं होतं आणि भेटीनंतर काय लिहून ठेवलं, एवढंच तपासावं.

फेब्रुवारी १९८९. द्रमुकचे राज्यसभेतले खासदार वै. गोपालसामी, म्हणजे आजचे वायको, गुपचूप होडीने पाल्कची सामुद्रधुनी ओलांडून वन्नीच्या जंगलात प्रभाकरनला भेटायला गेले. चेन्नईत त्यांच्याच पक्षाचं सरकार येऊन जेमतेम महिना होत होता, तर दिल्लीत तो पक्ष विरोधात होता. आणि त्याच जंगलात शांतिसेना म्हणून गेलेलं भारताचं सैन्य प्रभाकरनच्या माणसांशी लढत होतं. संसदेचा सदस्य आपल्याच सैनिकांवर गोळ्या झाडणाऱ्यांच्या छावणीत, आणि त्याच्या पक्षाध्यक्षांची त्याला संमती नाही! करुणानिधींना त्याचा खुलासा करता करता नाकी नऊ आले. वायको परत आले, संसदेत बोलले, त्यांच्या धाडसाच्या कथा झाल्या. पण त्या भेटीतून युद्ध थांबवण्याचा कुठलाही मार्ग भारताच्या हाती लागला नाही. द्रमुकवर 'वाघांचे मित्र' हा शिक्का मात्र बसला आणि जानेवारी १९९१ मध्ये सरकार बरखास्त झालं, तेव्हा हाच शिक्का कामाला आला. त्यानंतर चारच महिन्यांनी श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली.

लंकेतल्या त्या लढाईची किंमत कुणी मोजली, हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. मेजर रामस्वामी परमेश्वरन हे मुंबईत जन्मलेले, मुंबईत शिकलेले तमिळ. आठव्या महार बटालियनचे अधिकारी. २५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री शोधमोहिमेवरून परतताना त्यांच्या तुकडीला घेरलं गेलं. छातीत गोळी लागल्यावरही समोरच्याची बंदूक हिसकावून त्यांनी त्याला टिपलं आणि शेवटच्या श्वासापर्यंत ते हुकूम देत राहिले. परमवीरचक्र मरणोत्तर मिळालं. शांतिसेनेचे ११०० च्या वर जवान त्या बेटावर पडले. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी मद्रास बंदरात उतरली, तेव्हा तिच्या स्वागताला राज्याचे मुख्यमंत्री गेले नाहीत. ती गोष्ट आजही सलते. मुंबईचा तमिळ अधिकारी महार पलटणीसह लंकेत तमिळांशीच लढताना मरतो, यातली वेदना ज्याला कळते, त्याला वायकोंची गुप्त होडी केवळ साहसकथा म्हणून वाचता येणार नाही.

वायकोंना २००२ मध्ये 'पोटा' या दहशतवादविरोधी कायद्याखाली अटक झाली ती या भेटीसाठी नव्हे, तिरुमंगलमच्या सभेत वाघांची बाजू घेतली म्हणून. दीड वर्षाहून जास्त काळ ते तुरुंगात होते. डिसेंबर २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोटावरच्या निकालात स्पष्ट केलं, की हिंसेला मदत करण्याचा हेतू नसेल तर नुसता तोंडी पाठिंबा हा गुन्हा ठरत नाही. न्यायालयाचं म्हणणं रास्तच होतं. बोलणाऱ्याला कोठडीत टाकल्याने देश सुरक्षित होत नाही.

आता दुसरं टोक पाहू. एप्रिल २०१२. लोकसभेतल्या विरोधी पक्षनेत्या सुषमा स्वराज सर्वपक्षीय खासदारांचं शिष्टमंडळ घेऊन श्रीलंकेला गेल्या. १६ ते २१ एप्रिल असा सहा दिवसांचा दौरा. महिन्याभरापूर्वीच, २२ मार्चला, जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत भारताने श्रीलंकेविरुद्धच्या ठरावाला मत दिलेलं, त्यामुळे कोलंबोत हवा तापलेली. सत्तेत काँग्रेस आणि शिष्टमंडळाचं नेतृत्व भाजपच्या नेत्याकडे, हा मनमोहन सिंग सरकारचा निर्णय मोठ्या मनाचा आणि शहाणपणाचा होता. काम उघड, सरकारच्या संमतीचं, संसदेच्या वतीने. जाफना, मुल्लैतीवू, बट्टिकलोआ. छावण्या, घरं, तमिळ पक्षांचे नेते, सगळं पाहून-भेटून झालं. उत्तरेतल्या नागरी जीवनातला सैन्याचा वावर कमी व्हावा, हे शिष्टमंडळाने स्पष्ट सांगितलं. सुरक्षेचा प्रश्न फक्त जहाजांचा आणि रडारचा नसतो. जाफन्यातल्या माणसाला आपल्याच गावात पहारेकऱ्याला विचारून राहावं लागत असेल, तर त्याची धग नागपट्टिणमपर्यंत येते, हे त्या शिष्टमंडळाला कळलेलं होतं.

शेवटच्या दिवशी राष्ट्राध्यक्ष महिंद राजपक्षे यांच्याबरोबर न्याहारी झाली. सुषमा स्वराज आणि राजपक्षे स्वतंत्रपणेही बोलले. बाहेर आल्यावर सुषमा स्वराज यांनी सांगितलं, की तेराव्या घटनादुरुस्तीच्याही पुढे जाऊन तमिळांना अधिकार देण्याची तयारी राष्ट्राध्यक्षांनी दाखवली आहे. ही दुरुस्ती १९८७ च्या राजीव गांधी–जयवर्धने करारातून आलेली. प्रांतांना परिषदा मिळाल्या, पण जमीन आणि पोलीस हे खरे अधिकार कागदावरच राहिले. त्यामुळे 'तेरा अधिक' या दोन शब्दांना उत्तर लंकेत फार मोठा अर्थ.

पण काही दिवसांतच कोलंबोच्या वृत्तपत्रात राष्ट्राध्यक्षांकडून नकार छापून आला. न्याहारीच्या वेळी असं काही बोलणंच झालं नाही, म्हणे. त्याच वर्षी जानेवारीत परराष्ट्रमंत्री एस. एम. कृष्णा यांच्याही बाबतीत हेच घडलं होतं. एकदा पोळलेल्या दिल्लीने दुसऱ्यांदाही ताक फुंकून प्यायलं नाही. दोन देशांमधलं इतकं मोलाचं आश्वासन दोन माणसांच्या आठवणीवर सोडून दिलं गेलं. बाजूला वही घेऊन बसलेल्या कुणाची नोंद पुढे आली नाही, दोघांच्या सहीचा कागदही नाही.

आणि ज्यांचं सर्वांत जास्त पणाला लागलेलं, ते तमिळनाडूतले दोन मोठे पक्ष तिथे नव्हतेच. निघण्याआधी जयललितांनी अण्णाद्रमुकचा खासदार काढून घेतला, पाठोपाठ द्रमुकनेही. दोघांची तक्रार साधारण एकच: कार्यक्रम कोलंबोने आखलेला, हाती काही लागणार नाही. तक्रारीत तथ्य होतं, पण निर्णय चुकीचा होता. तमिळनाडूच्या दोन मोठ्या पक्षांचे खासदार त्या दौऱ्यात असते, तर राजपक्षेंना नकार देणं एवढं सोपं गेलं नसतं. तमिळनाडूत सत्तेसाठी झुंजणाऱ्या पक्षाचा साक्षीदार खोलीत असण्याचं मोल निराळं. या पक्षांचा पूर्वीचा अनुभव कडू होता हे खरं. ऑक्टोबर २००९ मध्ये टी. आर. बालू यांच्या नेतृत्वाखाली द्रमुक आणि मित्रपक्षांचे खासदार गेले होते; तेव्हा राजपक्षेंनी त्यांतल्या थिरुमावलवन यांना, तुम्ही अखेरच्या वेळी प्रभाकरनबरोबर नव्हता हे तुमचं नशीब, अशा अर्थाचं काही हसत हसत ऐकवलं होतं. अपमान गिळून पुन्हा त्याच टेबलावर बसणं जड जातं. पण लोकांसाठी ते करावं लागतं.

पाचच महिन्यांनी या सगळ्याचा पडसाद मराठी मुलखाच्या शिवेवर उमटला. राजपक्षे २१ सप्टेंबर २०१२ रोजी सांचीला बौद्ध विद्यापीठाच्या पायाभरणीसाठी येणार होते. सांची सुषमा स्वराज यांच्या विदिशा मतदारसंघात येतं. वायको कार्यकर्त्यांच्या बसगाड्या घेऊन तमिळनाडूतून निघाले. महाराष्ट्र ओलांडताच मध्य प्रदेश पोलिसांनी पांढुर्ण्याच्या हद्दीत त्यांना अडवलं. संत्र्यांच्या बागांच्या या मराठीभाषक पट्ट्यात, नागपूरपासून काही तासांवर, महामार्गावर तमिळ घोषणा देत माणसं दिवसचे दिवस बसून राहिली. त्यांना कुणी हिंसक म्हटलं नाही, आणि ती हिंसक नव्हतीही. पुढे २०१४ च्या मे महिन्यात नरेंद्र मोदींच्या शपथविधीला राजपक्षे आले, तेव्हा भाजपच्याच आघाडीत असलेल्या वायकोंनी दिल्लीत निदर्शनं करून अटक ओढवून घेतली. होडीतून लपून जाणाऱ्या वायकोंपेक्षा रस्त्यावर उघडपणे बसलेले हे वायको लोकशाहीला अधिक शोभतात.

शेजारच्या सत्तेशी कुणी आणि कसं बोलावं, हा पेच तंजावरला नवा नाही. १६७७ च्या जुलैत शिवाजी महाराज आणि त्यांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे कोळ्ळिडम नदीच्या उत्तर तीरावर तिरुमलवाडीला भेटले. ही भेट घडायला कारण झाले रघुनाथपंत हणमंते. शहाजीराजांच्या काळापासून कर्नाटकातला कारभार पाहणारा हा कारभारी व्यंकोजींशी बिनसल्यावर तंजावर सोडून महाराजांकडे आला होता. आजच्या भाषेत बोलायचं तर घरच्या सत्तेच्या विरोधात गेलेला माणूस, शेजारच्या सत्तेशी संधान बांधून. भेट फिसकटली. व्यंकोजी रातोरात नदी ओलांडून तंजावरला निघून गेले. पण पुढे काय झालं ते महत्त्वाचं. पत्रं गेली, पत्रं आली, आणि त्याच रघुनाथपंतांच्या मध्यस्थीने १९ कलमांचा तह झाला. कलमवार, लिहून. भेटीत जे बोललं गेलं त्याच्या दहा कथा आज सांगितल्या जातात. इतिहासकारांना आधार लागतो तो पत्रांचा आणि कलमांचा. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचा एवढा संग्रह टिकला, तो मराठी राज्यकर्त्यांना लिहून ठेवण्याची सवय होती म्हणूनच.

लिहिलेला कागद पन्नास वर्षांनीही कसा बोलतो, याचं ताजं उदाहरण कच्चतीवूचं. २८५ एकरांचं हे बेट जून १९७४ च्या करारात श्रीलंकेकडे गेलं. राज्य सरकारला अंधारात ठेवून हे झालं, असं द्रमुक वर्षानुवर्षं सांगत आला. मार्च २०२४ मध्ये माहिती अधिकारातून जुने कागद बाहेर आले. त्यांत १९ जून १९७४ रोजी परराष्ट्र सचिव केवल सिंग यांनी मुख्यमंत्री करुणानिधींना मद्रासमध्ये भेटून काय सांगितलं आणि ते काय म्हणाले, याची नोंद निघाली. निवडणुकीच्या तोंडावर तिचा वापर झाला, तो वेगळा विषय. त्या नोंदीचे अर्थही दोन्ही बाजूंनी आपापले लावले. पण वाद घालायला हातात काहीतरी होतं! एका अधिकाऱ्याने त्या भेटीचं टिपण लिहिलं म्हणून.

याउलट जिथे झाकाझाक असते, तिथे निरुपद्रवी भेटीचाही संशय येतो. जुलै २०१७ मध्ये चीनशी डोकलामचा पेच चालू असताना राहुल गांधी चिनी राजदूतांना भेटले. काँग्रेसने आधी ती बातमीच खोटी म्हटली, मग काही तासांतच कबूल केली. भेटण्यात गैर काहीच नव्हतं, विरोधी पक्षाच्या नेत्याने अशा वेळी माहिती घ्यायलाच हवी. पण नाकारण्यामुळे ती गैर दिसली. त्याच वर्षी ६ डिसेंबरला मणिशंकर अय्यर यांच्या दिल्लीतल्या घरी पाकिस्तानचे माजी परराष्ट्रमंत्री खुर्शीद कसुरी जेवायला होते. अय्यर जुन्या तंजावर जिल्ह्यातल्या मयिलाडुदुरैचे तीन वेळचे खासदार. मनमोहन सिंग, हमीद अन्सारी, माजी लष्करप्रमुख दीपक कपूर अशी मंडळी पंक्तीला. पालनपूरच्या प्रचारसभेत पंतप्रधान मोदींनी या जेवणाचा संबंध गुजरातच्या निवडणुकीशी जोडला. मनमोहन सिंगांसारख्या मितभाषी माणसाने संतापून निवेदन काढलं. २७ डिसेंबरला अरुण जेटलींना राज्यसभेत उभं राहून सांगावं लागलं, की माजी पंतप्रधानांच्या निष्ठेवर शंका घेण्याचा हेतू नव्हता. संसदेचे कितीतरी दिवस त्यात गेले. माजी पंतप्रधान आणि माजी लष्करप्रमुख यांच्या निष्ठेला मतांच्या बाजारात लिलावाला काढणं हे देशाच्या सुरक्षेला कुठल्याही जेवणापेक्षा जास्त महाग पडतं.

आणि भारत स्वतः दुसऱ्या देशांच्या विरोधी नेत्यांशी बोलतोच की. फेब्रुवारी २०२४ मध्ये श्रीलंकेच्या संसदेत जनता विमुक्ती पेरामुनाच्या आघाडीचे अवघे तीन खासदार होते. १९८७ च्या भारत-श्रीलंका कराराविरुद्ध हाच पक्ष शस्त्रं घेऊन उठला होता. त्याचे नेते अनुरा कुमार दिसानायके यांना दिल्लीने आवर्जून बोलावलं. परराष्ट्रमंत्री जयशंकर भेटले, राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार डोवल भेटले. सप्टेंबरमध्ये दिसानायके राष्ट्राध्यक्ष झाले. पहिला परदेश दौरा दिल्लीचा, आणि श्रीलंकेची भूमी भारताच्या हिताविरुद्ध वापरू देणार नाही हे वचन त्यांनी तिथे दिलं. एप्रिल २०२५ मध्ये कोलंबोत दोन्ही देशांत संरक्षण सहकार्याचा सामंजस्य करार झाला. त्या तीन खासदारांच्या नेत्याला कोलंबोत कुणी भारताचा हस्तक म्हणून हिणवून घरी बसवलं असतं, तर हा करार इतक्या लवकर झाला असता का?

आपल्याकडेही नीट पायंडा आहे. १९९४ मध्ये काश्मीरवरून पाकिस्तानने जिनिव्हात कोंडी केली, तेव्हा रामटेकहून दोनदा खासदार झालेल्या नरसिंह रावांनी विरोधी पक्षनेते अटलबिहारी वाजपेयी यांच्या हाती शिष्टमंडळ दिलं. पाकिस्तानला ठराव मागे घ्यावा लागला. २०२५ च्या मे महिन्यात, 'ऑपरेशन सिंदूर'नंतर, सात शिष्टमंडळं जगभर गेली. त्यांतल्या तिघांचं नेतृत्व विरोधी बाकांवरच्या शशी थरूर, कनिमोळी आणि सुप्रिया सुळे यांच्याकडे होतं. वॉशिंग्टनपासून केपटाऊनपर्यंत ते बोलले आणि चांगलं बोलले. त्या सात याद्यांत एकही लगतचा शेजारी मात्र नव्हता. कोलंबो नाही, ढाका नाही, काठमांडू नाही. लांबच्यांना पटवायला विरोधकांची जीभ चालते, शेजारच्या घरी पाठवायला मात्र हात आखडतो.

पुढचं सर्वपक्षीय शिष्टमंडळ कोलंबोला जायला हवं, आणि त्यात तंजावर, नागपट्टिणम, रामनाथपुरमचे खासदार असायला हवेत, पक्ष कुठलाही असो. २८ जानेवारी २०२५ रोजी डेल्फ्ट बेटाजवळ लंकेच्या नौदलाच्या गोळीबारात कारैकाल-नागपट्टिणमकडचे मच्छीमार जखमी झाले. दिल्लीने लंकेच्या प्रभारी उच्चायुक्तांना बोलावून निषेध नोंदवला. तो नोंदवायलाच हवा होता. पण तळ खरवडणाऱ्या ट्रॉलर जाळ्यांचा प्रश्न, ज्यांवर श्रीलंकेने २०१७ मध्ये कायद्याने बंदी घातली, तो निषेधाच्या खलित्याने सुटणारा नाही. त्या जाळ्यांनी जाफन्याच्या तमिळ कोळ्याचंच पोट मारलं जातं, हे मल्लिपट्टिणमच्या मतदारांना तोंडावर सांगण्याची जबाबदारी त्यांच्या खासदाराची आहे. कोलंबोतल्या मंत्र्याला गोळी चालवू नका म्हणून सुनावण्याचा हक्कही त्यालाच अधिक शोभेल. प्रत्येक भेटीला परराष्ट्र खात्याचा अधिकारी बसावा, दोन्ही बाजूंनी मान्य केलेलं टिपण व्हावं, आणि शिष्टमंडळ परतल्यावर महिन्याभरात ते संसदेच्या परराष्ट्र व्यवहार समितीपुढे जावं. गुप्त ठेवण्यासारखं असेल तेवढं समितीत राहू द्या, उरलेलं सभागृहात मांडा.

२०१२ च्या त्या न्याहारीचं असं टिपण लोकांसमोर कधी आलं नाही. सुषमा स्वराज ६ ऑगस्ट २०१९ रोजी गेल्या. त्या सकाळी टेबलाशी बोलणाऱ्या दोघांपैकी आता एकटे राजपक्षे उरले आहेत, आणि असं काही बोलणंच झालं नव्हतं हे त्यांच्याकडून मागेच छापून आलेलं आहे.